शेजारची सीट

माणसाला विमानात बसवण्याआधी वजनकाट्यावर उभं करतात, हे अण्णांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"लाजू नका काका," तरुण पायलट हसून म्हणाली. "विमान एवढंसं. एका अंगाला झुकलं की मलाच घाम फुटतो." अण्णांच्या जोडीला कुणी नव्हतं. शेजारच्या सीटवर वाळूचं पोतं बांधायला तिनं म्हाताऱ्या मेकॅनिकला सांगितलं आणि ती पुढं जाऊन बसली.

तिथं पोतं ही कल्पनाच अण्णांना सहन होईना. ती जागा बायकोची. विमानातून दरी बघायची हौस तिचीच, आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणणारे हे! पुढचं वर्ष आलं, पण ती राहिली नाही. मुलगा लांब, आणि घरात बोलायला फक्त भिंती. शेजारी बघायचंच नाही असं ठरवून अण्णांनी हेडफोन लावले नि खिडकीकडे तोंड फिरवलं.

विमान दरीवर आलं तेव्हा उन्हं कलली होती. दोन्ही अंगांना तांबडे कडे, आणि खाली नुसता काळोख साचलेला. नदीचा पत्ताच नव्हता.

"अबब! बघितलंस का गं?" अण्णांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांना रडूच फुटलं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांचा हात धरला.

अण्णांनी डोळे गच्च मिटले. ओल्या दगडासारखा वास येत होता. हेडफोनमध्ये कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं... हात गार होता. बायकोचा हात कायम उबदार असायचा, अगदी थंडीतसुद्धा. असेल, उंचावरचा गारठा असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"चल," ते पुटपुटले. "आता माझ्याबरोबर घरी चल."

हेडफोनमधला श्वास थांबला.

"काय म्हणालात, काका?" पायलटनं विचारलं.

"काही नाही."

विमान उतरलं, तर मेकॅनिक धावतच आला. पोतं शेडच्या दाराशी तसंच पडलं होतं.

"मॅडम, फोन आला आणि... राहूनच गेलं हो!"

"काहीतरीच काय! विमान अगदी सरळ उडत होतं." पायलटनं मागं वळून पाहिलं. रिकाम्या सीटचा पट्टा घट्ट बांधलेला होता. ती पांढरीफटक पडली.

मेकॅनिकनं अण्णांना बाजूला घेतलं. "पोतं नुसतं वजनासाठी नसतं, काका," तो हळूच म्हणाला. "सीट मोकळी दिसली की तिथं कुणीतरी येऊन बसतं... दरीवर आलं की आपलं आपण उतरतं. फक्त त्याला बोलवायचं नाही. तुम्ही... बोलावलं नाहीत ना?"

"छे हो!" अण्णा म्हणाले.

गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली आणि पिरपिर सुरू झाली. शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा लाल दिवा लुकलुकत होता. सीटवर कुणी नव्हतं, गादी मात्र खोल दबली होती. पुन्हा तोच वास. ही आपली बायको नाही, हे आता अण्णांना स्वच्छ कळलं. मेकॅनिक अजून शेडपाशी उभा होता, एक हाक मारली असती तर तो धावत आला असता. पण पुढं काय? घरी जाऊन पुन्हा त्याच भिंती!

अण्णांनी शेजारचा पट्टा ओढला आणि लावून टाकला. पिरपिर थांबली.

"आमचा जिना अरुंद आहे," ते म्हणाले. "जरा सांभाळून चढायचं हं."

शेजारची गादी तशीच दबलेली होती. "हो," उत्तर आलं, पण मागच्या सीटवरून.