विमानाच्या पोटातलं भोक

परळच्या चाळीत चौथा मजला. जिन्यात न वळणारा पंख.

कापूस, राळ, गोडं तेल.

कोकणातला एक सडा, उघडा सपाट कातळ. त्यावर चुन्याची फुली.

त्या फुलीवर रुपालीला उतरायचं होतं. तिथे तिचे वडील दगडू उभे होते, गिरणीतली नोकरी सुटल्यावर गावी गेलेले. सात वर्षं खपून घरी बांधलेलं दोन आसनी लाकडी विमान त्यांना दाखवायचं, एवढीच मोहीम! शेजारी बसले होते हरेश्वरकाका, कोळीवाड्यात होड्या बांधणारे सुतार. अर्धं विमान त्यांच्या हातचं.

घाटमाथ्यावरच्या धावपट्टीवरून दोघं उडाली. खाली सह्याद्रीचं रान दरीदरीतून उतरत गेलेलं. ना घर, ना पाय टेकायला सपाट जागा. ढग आडवा आला तशी रुपाली वर चढली. मागे काहीतरी डुचमळलं. विमानाचं नाक वर उचललं गेलं. तिने दांडा पुढे रेटला. नाक वरच! वेग उतरला. पंख थरथरले.

"काका, शेपटीत पाणी! कालचा पाऊस! पोटाला निचऱ्याची भोकं ठेवलेली ना आपण?"

काकांचा चेहरा पडला. "ती? मी बुजवली, कापूस-राळ भरून. पाण्यात सोडायच्या होरीला कोण भोक ठेवतं गो?"

"काका!"

"चाळीस वर्षांचा हात, पोरी. आपोआप गेला."

तिने विमान एका पंखावर कलंडवलं. नाक पडलं. दरी समोर उभी राहिली! शेपटीतलं पाणी धावत पुढे आलं.

"तुमच्या पायाशीच एक भोक होतं! बूच फोडा!"

काकांनी कमरेची पटाशी उपसली. एक घाव. दुसरा. झाडांचे शेंडे दिसू लागले. तिसरा! बूच उडालं, पाणी आभाळात सांडलं. रुपालीने दांडा ओढला, आणि विमान हलकं होऊन वर आलं.

सडा दिसला. पण भिजलेलं विमान त्या खडकावर आपटायला तिचं मन धजेना. दोन घिरट्या घातल्या, पंख हलवले. खाली एक पंचा हलला. ती मागे वळली.

धावपट्टीवर टेकताच वडिलांचा फोन वाजला. "चेडवा, बघलंय मी! खाली कशाक येवक व्हया?"

"माफ कर गो," काका पुटपुटले.

"कसली माफी? एवढा गोता खाल्ला, तुमचा एक सांधा उकलला नाही. म्हणून आहोत आपण."

सात वर्षांपूर्वी पंखाची पहिली फासळी चिकटवली तेव्हा सांधा धरावा म्हणून वर वजन ठेवायला चाळीतल्या अकरा घरांनी आपापले पाटे दिले होते. त्या दिवशी अकरा घरांत वाटणाशिवाय कालवण झालं.