सारवलेलं खळं

"मॅडम, माझ्या भावानं बापाला मारलंय! लवकर या!"

फोन दक्षाचा होता. बाप म्हणजे माजी आमदार काकड्यादादा. एकदाच निवडून आले, मग परत नांगर धरला. आमदार म्हटलं की लोकांना बंगला दिसतो. इथे सात माणसांचं घर म्हाताऱ्याच्या पेन्शनवर कसंबसं चालत होतं. बाप आजारी म्हणून दिवाळीला दक्षा सासरहून, वरोरहून माहेरी आली, तर भाऊ धनेशनं तिला बाहेरूनच परत पाठवलं. आता नोव्हेंबर संपत आला. हयातीच्या दाखल्यासाठी बँक बोलावतेय, म्हाताऱ्याचा पत्ता नाही. पेन्शन मात्र एटीएममधून निघतेय.

तलासरीहून फौजदार संगिता वावरे दक्षाला घेऊन निघाली. पाड्याच्या तोंडाशीच जीप थांबवावी लागली. धनेश डांबरी रस्त्यावर भात झोडत होता.

"घरी खळं नाही?"

"आहे. ओलं आहे, आताच सारवलंय."

खळं होतं अंगणातच. खडखडीत वाळलेलं, गुळगुळीत, भाताचा एक दाणा नाही. दक्षा त्यावरून तरातरा निघाली.

"त्यावर पाय नको देऊ!" तिची आई बायजी दारातून किंचाळली.

"चप्पल काढलीय ना मी!" दक्षा चिडली. पण बायजीनं तिला दंडाला धरून कडेनं आत ओढलं.

आत भिंतीवर तांदळाच्या पिठीनं लग्नाचा चौक काढलेला. चारही कडा पुऱ्या. मधली देवीची जागा कोरी.

"कोणाचं लगीन?" संगितानं विचारलं.

"कोणाचं नाय. असंच, शोभेला," धनेश म्हणाला.

"वडील कुठे?"

"सुरतला. दवाखान्यात."

"कुठल्या?"

धनेश आईकडे पाहू लागला.

"पैसे कोण काढतं?"

"मी. त्यांनीच सांगितलंय."

"मग लाव त्यांना फोन."

धनेशच्या हातातून फोन खाली पडला. दक्षानं त्याची गचांडी धरली. "बोल ना रे! कुठे टाकलास माझ्या बापाला?"

"सोड त्याला," संगिता म्हणाली. "यानं कोणाला मारलेलं नाही. दादा आजारानं गेले. आणि लपवायचं ठरवलं ते यानं नाही."

ती बायजीसमोर खाली बसली. म्हातारीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"आपल्यात चौक शोभेला काढत नाहीत, आई. लगीन असेल तरच. आणि देवीची जागा कोरी ठेवून कोणी उठत नाही, घरात मरण झाल्याशिवाय. या घरात लग्नाचं कोण राहिलं होतं? धनेशचं झालं, दक्षाचं झालं. राहिलं होतं तुमचंच."

दक्षानं धनेशला सोडलं.

"खर्च झेपत नाही म्हणून आपली माणसं लगीन न लावता तशीच घर मांडतात. माझ्या आईबापाचं लगीन लागलं तेव्हा मी तिसरीत होते, वरातीत नाचले होते. आमदार गेला तर बायकोला अर्धी पेन्शन मिळते. पण साहेब लग्नाचा दाखला मागणार. म्हणून दादा आजारी पडल्यावर तुम्ही घाईनं लगीन ठरवलं. चौक पुरा व्हायच्या आत ते गेले. दाखला नाही, म्हणून मरणच लपवलंत. खरं ना?"

बायजीनं मान हलवली.

"आणि भाताच्या दिवसांत खळं सोडून रस्त्यावर कोण झोडतं? खाली आपलं माणूस असेल तरच."

दक्षा धावत अंगणात गेली आणि खळ्याच्या कडेला कोसळली. तिचा हंबरडा ऐकून शेजारी जमा झाले.

"धनेशला सोडा, बाई," बायजी म्हणाली. "त्याला मीच शपथ घातली. मीच खणलं, मीच सारवलं. चाळीस वर्षं भाकऱ्या भाजल्या त्याला. तो आमदार झाला तेव्हा माझ्याच गळ्यात हार घातलान. तरी हापिसात मी कोणीच नाय. पोरांना काय घालू? रडायला पण नाय मिळालं मला. हे कुंकू रोज लावताना हात जळतो."

संगितानं पंचनाम्याचा कागद काढला. बायजीच्या नावापुढे 'मयताशी नातं' या रकान्यात पेन अडलं.

बायजीनं पदरानं कुंकू पुसलं.

"गुन्ह्याच्या कागदावर तरी त्याची बायको म्हणून लिवाल ना, बाई?"