राक्षसाचा पाट

राक्षसाच्या पाटाखालून दोन पाय बाहेर आले होते. चांगले लांबलचक, बूट घातलेले... आणि ते हलत होते.

अंजूनं हातातला विळा घट्ट धरला. दुसरी कुणी असती तर बोंबलत गावात पळाली असती. पण अंजूला भीतीच्या आधी राग येतो. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी ती जन्मली, आणि तेव्हापासून ती रागातच आहे, असं तिचा भाऊ कैलाश सगळ्यांना सांगायचा.

"कोन आहे रे आत? निघ बाहेर!"

"निघूनच राहिलो होतो..." आतून घुमणारा आवाज आला. "पण खांदे अडकले."

लाखनीपासून थोडं आत, अंजूच्या घरच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या कोपऱ्यात हा पाट होता. तीन उभ्या दगडांवर टेकवलेली एक अवाढव्य सपाट शिळा. गावात सांगत, की तिच्यावर राक्षस जेवायला बसायचा आणि खालच्या पोकळीत राहणारे वीतभर बुटके त्याला रांधून वाढायचे. मळणी झाली की पहिली मूठ धान पाटावर ठेवायची. दगडाला मात्र कुणी हात लावायचा नाही.

अंजूची उंची साडेचार फुटांवर थांबली होती. लहानपणी कुणी बुटकी म्हणून चिडवलं, की ती त्याच पोकळीत जाऊन बसायची. साऱ्या गावात तिच्या मापाची ती एकच जागा होती. तिथं परके बूट पाहून तिचं डोकं फिरलं.

तिनं विळा खाली टाकला, दोन्ही पाय धरले आणि ओढले. तो बाहेर निघाला, आणि निघतच राहिला. उभा झाला तेव्हा सव्वासहा फूट भरला. अंगभर धूळ, केसांत बांधीतल्या लाखोरीच्या पिकाचं एक निळं फूल.

"राक्षस तं तुम्हीच दिसता," अंजू म्हणाली.

"अन् तुम्ही..." तो बोलता बोलता अडखळला.

"बोला ना. बुटकी म्हणा. विळा जवळच पडून आहे."

"वेळेवर आल्या, म्हणत होतो."

त्याचं नाव अश्विन. मोहाडीच्या विणकरांच्या घरातला, नागपूरला जुन्या अवशेषांचा अभ्यास करणारा. कैलाशची परवानगी घेऊन मापं घ्यायला आला होता. एकट्यानं टेप धरता येईना, म्हणून दुसरं टोक अंजूच्या हातात आलं. एक दिवसाचं काम आठ दिवस चाललं, ते का चाललं हे दोघांनाही कळत होतं.

"उचलला माणसांनीच," तो सांगायचा. "पन कसा उचलला ते पुढचे लोक विसरले. मंग एवढा दगड पाहून त्यांले वाटलं, राक्षसच असंल. असा माझा अंदाज."

"अन् बुटके?"

"ही समाधी आहे. मेलेल्याची हाडं गोळा करून आत ठेवत. मागाहून कोनाले तरी ते घर वाटलं. एवढ्याशा घरात कोन राहील? बुटकेच."

"म्हणजे मी लहानपनी रुसून समाधीत बसत होती?"

अंजू हसत सुटली. लाखोरीवरचं धुकं नुकतं उठत होतं, आणि अश्विन टेपकडे पाहायचं विसरला.

"आकडा सांगा ना."

"कोनता?"

"दगडाचा. माझा नाही," ती म्हणाली, आणि मग एकदम गंभीर झाली. "हे गावात नका बोलू."

"काहून?"

"नका बोलू म्हटलं ना!"

तो बोलला. ग्रामसभेत त्याला शाल-नारळ दिला, कुणीतरी दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि शहाण्या माणसाला माईक मिळाल्यावर जे होतं तेच झालं. राक्षस-बिक्षस काही नाही, घाबरायचं कारणच नाही, असं त्यानं साऱ्या गावाला समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कैलाशनं पाटाला साखळी बांधून ट्रॅक्टर जोडला. त्याला गोठ्याच्या पायव्याला दगड हवाच होता. इतकी वर्षं तो भीत होता, आता भीतीच गेली होती. अंजू धावत पोचेपर्यंत पुढचा उभा दगड कोलमडला, शिळेचं एक टोक घसरून लाखोरीत रुतलं आणि साखळी तुटली.

"माझ्यावर कायले ओरडतं?" कैलाश म्हणाला. "तुयाच लंबूनं सांगतलं, राक्षस नाही म्हणून. उद्या घणवाले येऊन राहिले."

संध्याकाळी अश्विन शेताच्या धुऱ्यावर आला, तेव्हा रागाच्या भरात अंजूच्या तोंडून 'तुम्ही'चा 'तू' होऊन गेला.

"पाह्य! पाह्य तुयी विद्या!"

"अंजू, मी खोटं नाही बोललो..."

"खोटं बोलला असता तं बरं झालं असतं! राक्षस होता तं दगड होता. राखनदार मारून टाकला तू, अन् आता शाल घेऊन मोहाडीले जाशील!"

"मंग काय लोकांले जन्मभर भेवात ठेवायचं?"

"अर्धं सांगतलं तू! राक्षस नव्हता, हे सांगतलं. मंग कोन होते, ते कोनाले दाखवलं? उद्या घण यायच्या आधी दाखव. नाही जमलं तं मले तुयं तोंडही नाही पाह्यचं."

तिचा आवाज फाटला. रडू येत होतं, आणि आपल्याला रडू येतंय म्हणून तिला आणखीच राग आला.

सकाळी तो बैलगाड्यांचे दोर आणि लांब लाकडी बल्ल्या घेऊन हजर होता. रात्रभर झोपला नसावा. गाव तमाशा पाहायला जमलं. कैलाशही हसला. "दुपारपर्यंत चढवा. चढला तं मी हात नाही लावत. नाही चढला तं घण."

अश्विन आणि अंजू दोघंच दोराला लागले. शिळा तसूभर हलली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, लंबू अन् बुटकी, चांगली जोडी आहे. अंजू गर्रकन वळली.

"हसा! शकुनमावशी, तू चाळीस वर्सं धानाची मूठ ठेवली इथं. कोनासाठी ठेवली? आपल्यासारख्याच बायांनी अन् मानसांनी उचलला हा दगड. त्यांचे हात होते, अन् तुमचे काय खिशात ठेवाले दिले?"

शकुनबाई धान लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची मुकादम. सत्तर बायांची रांग एका हाकेवर चालवणारी बाई. तिनं पदर खोचला, दोर धरला आणि रोवणीत देते तशी लांब हाक दिली. तिच्या बाया आल्या. बाया आल्यावर माणसांना उभं राहायची लाज वाटली. हाकेसरशी साठ हात एकदम ओढू लागले, बल्ल्या खाली गेल्या, शिळेचं टोक वर आलं. प्रत्येक वीतभर उंचीला खाली दगड भरत गेले. सूर्य डोक्यावर यायला आला तेव्हा कोलमडलेला दगड पुन्हा उभा झाला, पण डुगडुगत होता. त्याच्या बुडाशी आतून पाचर ठोकायची होती, आणि आत मावेल असं माणूस गावात एकच होतं.

"नाही," अश्विन म्हणाला. "अंजू, नाही..."

पाचर आणि हातोडा घेऊन ती आत शिरलीसुद्धा. तो धावत जाऊन सगळ्यात मोठ्या बल्लीखाली खांदा देऊन उभा राहिला.

"लवकर ये!" तो ओरडला.

"आधी माफी माग!" आतून आवाज आला.

"मागतो! चुकलो!"

"कायची?"

"तुयं ऐकलं नाही त्याची! बाहेर ये ना बाप्पा... तुले काही झालं तं मी काय करू? मले लगन करायचं आहे तुयाशी!"

हाक थांबली. पण दोर कुणी सोडला नाही. उलट पुढं एकाचा हात वाढला. तो कैलाश होता, आणि दोर आवळताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

आत ठक ठक दोन घाव बसले. मग अंजू सरपटत बाहेर आली. "सोडा," ती म्हणाली. हळूहळू दोर ढिले झाले. शिळा करकरली, टेकली, आणि तशीच राहिली. गाव आपल्या सोललेल्या हातांकडे पाहत होतं. शकुनबाईनं कुणाचं तरी घर गाठून मूठभर धान आणलं आणि दर वर्षीसारखं पाटावर ठेवलं.

अश्विन अंजूसमोर वाकू लागला.

"वाकू नको," ती म्हणाली. धुळीनं माखलेली अंजू पाटावर चढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत सरळ पाहता आलं तिला. "आता बोल. मंघाशी काय म्हणत होता?"

त्यानं सगळ्या गावासमोर पुन्हा सांगितलं.

"माया राग नाही गेला अजून."

"मंग?"

"जाईपर्यंत इथंच राहाजो," अंजू म्हणाली, आणि त्याचा खांदा धरून खाली उतरली.