नाडीबोलीचे सात तास

"वाहतं गं पाणी, वाहतं राहू द्यावं,
थांबल्या पाण्याला शेवाळानं खावं."

पाटावर धुणं आपटताना हौसाबाई ही ओवी म्हणायच्या, तेव्हा त्यांची सुगंधा पाच वर्षांची होती. आता तीच ओवी, त्याच आवाजात, हौसाबाईंचं रक्त म्हणत होतं.

ही करामत नाडीबोलीची. पोटरीतल्या शिरेशी बसवलेला दाण्याएवढा कान रक्ताचा प्रवाह ऐकून बिनतारी लहरींनी कळवायचा आणि उशाशी ठेवलेली डबी तो घरच्यांनी निवडलेल्या सुरात गायची. कॅन्सरमध्ये रक्त गोठायला टपलेलंच असतं. त्यात उपचारांनी थकलेलं माणूस पडून राहतं. पायात धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, की श्वास कोंडतो. म्हणून ओवी रेंगाळली की रोग्याला उठवून चालवायचं. तरीही रेंगाळली तर दवाखाना गाठायचा. डबीला बंद करायचं बटण मुद्दामच ठेवलं नव्हतं.

तरी हौसाबाईंच्या फुप्फुसात गुठळी गेलीच. नळीनं ओढून काढली म्हणून वाचल्या.

"कान बहिरा झालाय, सुगंधाताई," नाडीबोली घडवणाऱ्या डॉक्टर फरीदा तांबोळी खचल्यासारख्या म्हणाल्या. "गुठळी झाली त्या मंगळवारी सात तास नोंदच नाही. काढूनच टाकू. आता रक्त पातळ करणारं औषध दुप्पट."

"मग द्या की."

"पोटातली गाठ नाजूक आहे हो. दुप्पट औषधानं आतून रक्त वाहायला लागलं, तर आवरणार नाही. ओवीच्या भरवशावरच आजवर थोडक्यात भागवलं."

खाटेवरून हौसाबाई पुटपुटल्या, "माझा आवाज, आणि ऐकू आला नाही? शेवटच्या पंगतीपर्यंत पोचायचा!"

सुगंधा हसली नाही. डॉक्टरांनी डबी उलटीसुलटी केली. "ही पांढरी भुकटी कसली?"

"आईची पावडर."

"बरं. दुप्पट औषधासाठी इथं सही करा."

सुगंधानं पेन घेतलं. अडीच महिने भाकरी थापताना, केस विंचरताना, घास गिळताना तिनं ती ओवी ऐकली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा जीव अडायचा: आली का पुढची?

तिनं पेन खाली ठेवलं.

"भुकटी बोरिकची आहे. तांदळाला लावतात ती."

डॉक्टरांनी भुकटी बोटावर घेतली.

"कान बहिरा नाही. मंगळवारी डबी मी तांदळाच्या पत्र्याच्या पिंपात घातली, वरून झाकण लावलं, आणि झोपले." ती आईकडे वळली. "आई, तुझं रक्त मला ऐकवेना गं."