शिरेवरचा हात

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. भर दुपारी गडमुडशिंगीहून लालासाब पिंजारी टांगा घेऊन कोल्हापुरात आला आणि रुद्रय्या डॉक्टर भरल्या ताटावरून उठले. लालासाबच्या बायकोचा, बिबीजानचा, पाय गुडघ्यामागं गाठ येऊन, सुजून काळानिळा पडला होता.

लालासाबच्या घरी पडद्याआड पाऊल टाकताना डॉक्टरांना बसव्वा आठवली. दोन वर्षांपूर्वी पेठ वडगावात तिची अशीच गाठ त्यांनी पडद्याच्या फटीतून नुसती पाहिली होती. परक्या बाईच्या पायाला हात लावला तर गावात शोभा होईल, एवढीच भीती! "आत काय तरी उडतंय वो," असं ती बिचारी सांगत होती. ह्यांनी गळू समजून फोडलं. रक्त थांबलंच नाही. वर तिच्या नवऱ्याला "उशिरा बोलावलंत" म्हणून सुनावलं. जनाची नाही, मनाची तरी हवी होती. ती लाज आली, पण बसव्वाला माती दिल्यावर.

आज त्यांनी गाठीवर तळवा टेकला. ठोके लागत होते. शीर फुगून आतल्या आत फुटली होती.

"मांडीतली शीर वरनं बांधाय लागंल," ते म्हणाले. "जांघेत दाबून धरायला कुणीतरी या."

कंपाउंडर गणपतराव उशाशी बसून क्लोरोफॉर्म देत होते. डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई पुढं आली आणि न सांगता नेमक्या जागी अंगठा रोवून बसली. घरचीच कुणी असेल, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी शीर रेशमानं बांधली, जखम शिवली.

"झालं, बाई. सोडा आता."

मान वर केली तर समोर कुणीच नव्हतं.

"गणपतराव, ती बाई कुठं गेली?"

"कुठली बाई? आपुन दोघंच हाय की..."

डॉक्टरांनी जांघेकडं पाहिलं. चार बोटं आणि एक अंगठा, असे पाच खळगे मांसात पडले होते आणि हळूहळू खोल चालले होते. पाऊल गार पडत होतं. मोठी शीर बांधलेली; आता बारक्या शिरांतून रक्त खाली उतरलं नाही तर पाय जाणार, आणि पायामागून बाईही.

बिबीजान गुंगीतच कण्हली. "तिला सांगा... सोडाय..."

डॉक्टरांनी पडदा सारला. बाहेर लालासाब आणि सगळी गल्ली उभी होती. त्या सगळ्यांदेखत ते भुईवर बसले.

"बसव्वा, मी हात लावला न्हाय. न तपासता कापलं. तुझ्या माणसांशी खोटं बोललो. मीच मारलं तुला... हिला सोड."

शरमेनं त्यांना मान वर करवेना.

"डाक्टर... पाय ऊन लागतोय," गणपतराव कुजबुजले.

एकेक करून चार खळगे भरून आले. अंगठ्याचा तेवढा तसाच राहिला. डॉक्टरांनी भीत भीत त्यात बोट घातलं.

तळाशी गार नख लागलं.