मदतीचे दहा गुण वजा

हे लिहायचंच नाही, असं प्रणितने ठरवलं होतं. चूक त्याची होती, आणि स्वतःची चूक स्वतःच टाईप करायची म्हणजे जिवावर येतं. तरी लिहिलं. ते असं.

मिरजेतल्या एका इस्पितळासाठी त्याने स्नायूवस्त्र बनवलं. अंगाला घट्ट बसणारा सदरा, आत कृत्रिम स्नायू. म्हातारा पेशंट स्वतः उठला, जेवला की वस्त्राला गुण मिळायचे. दुसऱ्याचा हात लागला की दहा वजा. गुण कशाने वाढतात ते वस्त्र आपलं आपण शिकायचं.

"अन् कोणी मदत केलीच तर?" तौफिकने विचारलं होतं. तो तिथला फिजिओथेरपिस्ट, प्रणितचा शाळेपासूनचा दोस्त.

"वजा. लाड बंद, लेका."

प्रयोगशाळेतल्या चाचणीत मदतीला नातेवाईक नव्हते. वॉर्डात होते. वस्त्र घातलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या कोष्टी आजोबांच्या तोंडाशी मुलीने, सुमित्राने, भाताचा घास नेला. आजोबांच्या हाताने तिचं मनगट धरलं आणि मोडलं. हाड कातडी फाडून बाहेर आलं.

"म्या न्हाई केलं गं, सुमे," आजोबा रडत होते. हात तिचा दुसरा हात शोधत होता.

तौफिक मधे पडला. वस्त्राच्या लेखी सगळ्यात जास्त गुण त्यानेच घालवले होते. सहा आठवडे आजोबांना धरून चालवलं होतं ना. सुमित्राला सोडून आजोबा त्याच्यावर गेले, त्याला भिंतीवर आपटलं आणि गळा आवळला.

"पळ की रं पोरा," आजोबा म्हणत होते. बोटं आणखी रुतत होती.

वॉर्डातच असलेल्या प्रणितने मागून वस्त्राची बॅटरी उपसली. पण त्याआधी त्याला आजोबांच्या कोपराचा एक फटका बसला होता. चार दात गेले, जबडा दोन ठिकाणी मोडला.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडम प्रणितच्या खाटेशी आल्या. "उलटं करा. मदत घेतली की दहा मिळतील. सोपं आहे."

त्या गेल्यावर शेजारच्या खाटेवरून तौफिक कुजबुजला, त्याला तेवढाच आवाज उरला होता, "बरोबरच आहे की."

जबडा तारेने बांधलेला. प्रणितने मोबाईलवर टाईप केलं: 'मग ते मदत करणाऱ्याला सोडणारच नाही. सुमित्राताईंची मानगूट धरून भरवून घेईल. त्या मरेपर्यंत.'

तौफिकने दोनदा वाचलं. काळानिळा गळा चोळला. "मग रे?"

'शिकणारा भाग काढून टाकतो. आजोबा उचलतील तेवढाच हात उचलला जाईल. म्हाताऱ्या माणसाला परत कधी गुण लावणार नाही, तौफ्या. शब्द देतो.'