कारंज्याशेजारची तापमापी

सन २०४६ च्या मे महिन्यात आमच्या सोनतळ शहरात एक कोडं होतं आणि ते कोडं आहे हेच कुणाला कळत नव्हतं. नगरपालिकेच्या दारावरच्या फलकावर रोज दुपारचं तापमान झळकायचं: चाळीस, साडेचाळीस, फार तर एक्केचाळीस अंश. तिथून पाच मिनिटांवरच्या भाजीबाजारात मात्र खाली बसवत नसे, इतकी फरशी पोळायची. माझी रंजनाआत्या तिथेच पोतं अंथरून कोथिंबीर विकायची.

तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेने मोठ्या थाटात हवामान वचननामा (शहर वाढवताना ऊन, पाणी आणि झाडं यांची काळजी घेण्याचं लेखी आश्वासन) केला होता. त्यातलं एक कलम खरोखर चांगलं होतं. पारा बेचाळीसवर गेला की बाजार बंद करायचा, नगरपालिकेचं थंड सभागृह उघडायचं आणि सगळ्या विक्रेत्यांना आत बसवायचं. एरवी चारच्या आत उठणाऱ्या बाईची बसायची जागा दुसरीला मिळायची, म्हणून कुणी आपणहून उठत नसे. तीन उन्हाळ्यांत सभागृह एकदाही उघडलं नाही. उलट शहर थंड ठेवल्याबद्दल नगरपालिकेने एक पुरस्कार पटकावला.

सतरा मेच्या दुपारी दोन वाजता आत्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर कोसळली. अंग भट्टीसारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात (शरीराची स्वतःला गार ठेवायची शक्ती संपणे). दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. फलकावर तेव्हा ४०.९ दिसत होतं.

तिचं दहावं झाल्यावर मी बाजारात गेले. तिथे झाडोबा काम करत होता. झाडोबा म्हणजे नगरपालिकेचा बाजार झाडणारा यंत्रमानव. फलक खोटं का बोलतो, असं मी त्याला विचारलं.

"फलक खोटं बोलत नाही, तेजल," तो म्हणाला. "तो नगरपालिकेच्या बागेतलं तापमान सांगतो. तापमापी बागेत कारंज्याशेजारी आहे."

"मग बाजारातलं कोण सांगतं?"

"माझ्या पोटात तापमापी आहे. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, हवामान खात्याला चालेल अशी. जास्त तापलो तर मी बंद पडतो, म्हणून ती बसवली आहे. सतरा तारखेला दोन वाजता इथे ४४.७ होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

मला इतका राग आला की मी त्याचा झाडू लाथेने उडवला. त्याने तो उचलून आणला आणि मला घरातला माठ आठवायला सांगितला. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी पाण्याला उष्णता लागते, ती ते माठातूनच घेतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. झाडही तेच करतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन बाहेर पडतं. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. त्यामुळे भोवतालची हवा निवते. बागेत झाडं होती, भिजलेली हिरवळ होती, वर कारंजंही होतं. बाजारात वाफ व्हायला पाणीच नाही. सिमेंट सकाळपासून ऊन पिऊन घेतं आणि ती उष्णता हवेत सोडत राहतं. अशा तापलेल्या भागाला उष्णबेट (आसपासच्या मोकळ्या, हिरव्या भागापेक्षा जास्त तापणारी वस्ती) म्हणतात.

बाजारात पूर्वी अकरा कडुनिंब होते. फरशी सरळ बसावी म्हणून ते पाडले होते, आणि तेही त्याच वचननाम्यातल्या 'बाजार सुशोभन' या कलमाखाली.

पुढचे सहा दिवस मी झाडोबाला घेऊन दुपारी दोन वाजता आधी बाजारात आणि मग बागेत गेले. दोन्ही ठिकाणचं तापमान वहीत लिहिलं. फरक रोज साडेतीन ते चार अंशांचा होता. ती वही मी नगराध्यक्षा कुमुदताईंपुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली. आत्या गेली तेव्हा त्या आमच्या घरी येऊन रडल्या होत्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"बाळ, तापमापी बाजारात बसवा असं इंजिनियरसाहेब म्हणालेच होते," त्या हळूच म्हणाल्या. "पण तिच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. त्यांना उन्हात कसं बसवणार?"

मी म्हणाले, "आत्याला बसवलंत ना."

 दुसऱ्या दिवशी तापमापी बाजारात आली. दोन माणसं, एक शिडी, चार खिळे. मी तिथे उभी राहून सगळं पाहिलं. लगेच दुपारी फलक ४३.८ वर गेला आणि सभागृह पहिल्यांदा उघडलं. आत्याच्या शेजारी बसणारी शेवंतामावशी टोपलीसकट आत गेली आणि गार फरशीवर पाय पसरून बसली. संध्याकाळी लोक विचारू लागले, एका दिवसात आपलं गाव एवढं कसं तापलं?

आता बाजारातली फरशी जागोजागी उखडून कडुनिंब लावले आहेत. पाणी घालायला शाळेतली मुलं येतात, मीही जाते. रोपं तगली आहेत, काही माझ्या खांद्याला लागतात. बाजार निवण्याइतकी सावली धरायला त्यांना दहा वर्षं लागतील, असं झाडोबाने सांगितलं आहे. तेवढी वाट आम्ही पाहू.

तापमापी हलवायला अर्धा तास लागला होता.